सत्यशीलाचा उजवा हात

सत्यशीला जाझ वाजवायची. तिच्या गावी, मंठ्यात लोक म्हणत, "रामकिसनची पोरगी इंग्रजी ड्रम वाजवती." पुण्या-मुंबईच्या क्लबांत मात्र तिचं मोठं नाव होतं. वडील मंठ्याच्या लग्नाच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचे. त्यांचाच ठेका ती तारांच्या ब्रशने, हलकेच घासत जाझमध्ये घेऊन आली. पुढे तरुण ड्रमर तिच्यासारखं वाजवायला धडपडू लागले.

मग एका कार्यक्रमात तिच्या उजव्या हाताची बोटं आपोआप आत वळली आणि ब्रश खाली पडला. दुखत काहीच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "हात चांगलाय. मेंदूचा हुकूम चुकतोय. वर्षानुवर्षं तेच काम केलं की काहींना होतं." जेवताना बोटं सरळ राहायची, ब्रश धरला की वळायची. उपचार करून थकल्यावर ती ड्रम घेऊन मंठ्याला परतली.

घरात एकटे वडीलच होते. उभा जन्म कर्ण्यांच्या गोंगाटात काढून ते ठार बहिरे झालेले. हाताचं तिने त्यांना कळू दिलं नाही. दुपारी ते खुर्ची ओढत, ठेका हाताला कळावा म्हणून ड्रमच्या कडेला तळवा टेकवत आणि म्हणत, "वाजव, बाई." ती काहीतरी कारण काढायची. एकदा मात्र टाळता येईना, तेव्हा तिने डाव्या हातानेच सुरुवात केली.

थोड्या वेळाने रामकिसननी तळवा उचलला.

"उजवा कुठाय?"

तिने उजव्या हातात ब्रश घेतला. बोटं वळली. त्यांनी ती एकेक करून सरळ केली, पण ती पुन्हा वळली.

"शिकवताना चुकलीस की बोटांवर काडी मारायचो मी," ते म्हणाले. "त्यानंच झालं का गं हे?"

"न्हाई, बाबा! त्यानं न्हाई!" ती त्यांच्या कानाशी ओरडली. त्यांना ऐकू गेलं नाही. हातवारे करूनही पटलं नाही, आणि लिहून दाखवावं तर त्यांना वाचता येत नव्हतं.

त्यानंतर त्यांनी खुर्ची ओढली नाही. त्यांचं जेवण कमी होत गेलं, आणि हिवाळ्यात ते गेले.

तिची विद्यार्थिनी तृप्ती पुण्याहून भेटायला आली. "ताई, परत चला. वाजवू नका, नुसतं शिकवा."

"काय शिकवू?" सत्यशीला म्हणाली. "एकच ठेका दहा वर्षं घोटून घेऊ? अन् तुझाही हात असाच झाला मंग?"

सत्यशीलाने चहा केला, आणि संध्याकाळच्या एसटीत तृप्तीला बसवून दिलं.