राजाच्या पलंगाखालचा डबा

मी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. हसू नका! एका राजघराण्याची गादी साठ वर्षं माझ्या पोटावर टिकून होती.

वाल्डोराचे राजेसाहेब देशातून पळाले, तेव्हा घाईत दागिने विसरले. राणीसाहेबांनी मात्र सरहद्दीवर माझ्यातली बिस्किटं फेकून दोन ओंजळी माती भरली. वाल्डोराचा रिवाजच तसा: राजा जन्मावा तो मायभूमीच्या मातीवर. मग पोर्तुगालच्या समुद्रकाठी, भाड्याच्या घरात, बाळंतपणाच्या वेळी मला पलंगाखाली सरकवलं. वर आरडाओरडा, खाली मी. असे आमचे ओटोकार जन्मले, म्हणे मायभूमीवर!

पुढे ओटोकारांनी आयुष्यभर इकडची काडी तिकडे केली नाही. इथलं नागरिकत्व घेतलं नाही. शेजारच्या फिलोमेनावर जीव होता, पण परक्या देशात संसार कसा थाटायचा? "मी इथे पाहुणा आहे," म्हणायचे आणि भाजलेले मासे मिटक्या मारत खायचे. साठ वर्षं मुक्काम ठोकणारा पाहुणा कुणी पाहिलाय का हो?

चुलतभाऊ काझिमीरही त्याच गादीवर हक्क सांगायचा. तिकडे वाल्डोराच्या महालात आता दातांचा दवाखाना आहे, पण यांचं भांडण चालूच. एक दिवस त्याचं पत्र आलं: "डब्यातली माती तपासून घे. वाल्डोराची निघाली, तर मी हक्क सोडतो."

ओटोकारांनी मिशीला पीळ दिला. "दिओलिंदाबाई, डबा काढा. उद्या तपासनीस येतोय."

ब्याऐंशी वर्षांची स्वयंपाकीण दिओलिंदा मासे साफ करता करता थांबली. "राजे, ते तपासणीबिपासणी नको."

"का?"

"तुमच्या जन्माच्या आदल्या दिवशी मांजरानं त्यात घाण केली. मी सगळं फेकलं, डबा घासला आणि परसातल्या लिंबोणीखालची माती भरली. आईसाहेबांनी हाकललं असतं मला!"

मला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. पण डब्याला कोण विचारतो?

ओटोकारांनी मला पलंगाखालून ओढून काढलं. "म्हणजे मी कुठला?"

"इथलेच की! आणखी कुठले?"

म्हातारा ढसाढसा रडला. मला फार वाईट वाटलं. मग डोळे पुसून त्यांनी मला काखोटीला मारलं आणि थेट शेजारचं दार वाजवलं.

"या पाहुणे," फिलोमेना म्हणाली. केस पांढरे झाले होते तिचे.

"पाहुणा नाही गं. मी इथलाच निघालो."

"हे कळायला साठ वर्षं लागली? मेल्या, चाळीस वर्षं तर मीच वाट बघतेय!"

काझिमीरला एका ओळीचं उत्तर गेलं: गादी तुलाच लखलाभ.

आता मी फिलोमेनाच्या खिडकीत असतो. माझ्यात कोथिंबीर लावली आहे. रोज संध्याकाळी राजे मला पाणी घालतात आणि जास्त घातलं म्हणून बोलणी खातात. एवढंच मागणं आहे, मला पुन्हा कुणाच्या पलंगाखाली ढकलू नका.