डावा पाय

“मामा, डावा पाय सीटखाली घ्या. आणि तिथंच राहू द्या.”

“घेतला, मॅडम. पण त्यानं माझं ऐकाया पायजे.”

मागे बसलेला कुलदीप हसला. तो गेल्याच आठवड्यात नव्या बसच्या ट्रायलमध्ये पास झाला होता. “मामा, दोरीनं बांधू का?”

“बांध की. घरी जाताना सोड म्हंजे झालं.”

सावळाराम सत्तावीस वर्षं भोसरीच्या डेपोत ड्रायव्हर होते. महापालिकेने पैसा घातला, डेपोत विजेच्या बस आल्या. डिझेलच्या जुन्या गाड्या महिनाअखेर भंगारात जाणार होत्या. नव्या गाडीला क्लच नव्हता. जुन्या ड्रायव्हरांची अडचण तीच. गिअर बदलायची जागा आली की डावा पाय आपसूक पुढे जाई आणि ब्रेकवर पडे. सावळारामांच्या दोन ट्रायल अशाच गेल्या. दुसऱ्या वेळी कुलदीपचं कपाळ दांड्यावर आपटलं होतं. आजची तिसरी, शेवटची. नापास झाले तर निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहायचे.

शिकवणारी तनुजा शेजारी उभी होती. हातात कागद.

गाडी निघाली. निघाली हे खिडकीतून बघूनच कळलं. बस जागेवर आहे आणि दिघी गाव हळूहळू मागे वाहत चाललंय, असं सावळारामांना वाटू लागलं. नवा रुंद फुटपाथ, त्यावरच्या बाकावर शेंगा सोलणाऱ्या दोघी बायका, त्यांचं हसणं. हसणं चक्क ऐकू आलं. लष्कराच्या भिंतीपलीकडे झाडांत पक्षी बोलत होते. या रस्त्याला पक्षी आहेत हे त्यांना आजच कळलं.

“मॅडम, झोपंत गाडी चालवल्यागत वाटतंय.”

“झोपू नका म्हणजे झालं.”

पुढे चढ आला. गाडी किंचित मंदावली आणि थांबली. चढावर वेग कमीच होता, झटका बसला नाही. समोरून एक तांबडं कुत्रं निवांत रस्ता ओलांडून गेलं.

“वा मामा!” तनुजाने कागदावर खूण केली. “माझ्याही आधी दिसलं तुम्हाला.”

सावळारामांनी डावा पाय सीटखाली ओढून घेतला. आळंदीपर्यंत पुन्हा चूक झाली नाही.

आळंदीच्या स्टँडवर तनुजाने कागद पुढे केला. “पास. इथं सही करा.”

“पेढे आणा मामा,” कुलदीप म्हणाला.

सावळारामांनी पेन घेतलं, पण सही केली नाही.

“मॅडम, त्ये कुत्रं मला दिसलंच न्हाई.”

“म्हणजे?”

“तिथं मी दुसरा गिअर टाकतो. रोज. पाय ब्रेकवर गेला. कुत्रं मधी आलं म्हून तुमाला बरं वाटलं.”

“अहो मामा, गप बसा की!” कुलदीप उठून पुढे आला. “कुणाला कळलंय?”

“मला कळलं की. उद्या मागं पन्नास माणसं उभी असतील. त्यातली कुणी पोटुशी असंल.”

तनुजाने कागद मागे घेतला. “चौथी ट्रायल देता येत नाही, मामा. नियमच आहे.”

“ठावं हाय मला.”

त्यांनी पेनचं टोपण लावून पेन तिला परत दिलं आणि सीटवरून उतरले. परतीला गाडी कुलदीपने घेतली. सावळाराम डाव्या बाजूच्या खिडकीशी बसले. वारा आत येत होता, रस्ता सरकत होता.

दिघीच्या अलीकडच्या थांब्यावर एका म्हातारीने पिशवी खाली ठेवून हात केला. ट्रायलची गाडी, थांबणार नव्हती. सावळारामांनी खिडकीबाहेर हात काढला आणि बोटं मागच्या दिशेला हलवली, ड्रायव्हरांची नेहमीची खूण: मागून दुसरी बस येतेय, रिकामी आहे. म्हातारीने मान डोलावली आणि ती मागच्या रस्त्याकडे बघत उभी राहिली.