कृष्णराजचा कौल

“पयली कॅशेट ती पयलीच. नंतरचं समदं उरलंसुरलं,” धोंडप्पा बशीतल्या चहावर फुंकर घालत म्हणाले. “पयल्या कॅशेटीत माणूस आजवरचा समदा जलम वततो. दुसऱ्या खेपंला वतायला ऱ्हातंय काय त्याच्यापाशी?”

“ते खरं हो आप्पा, पर वाजतं का ते?” उत्तरेश्वरनं पाय लांब केले. “एक तुणतुणं, एक झांज आन् तुमचा तो बलभीम आराधी गळा काढतोय. आमच्या भन्नाट ब्रदर्सचा पयला अल्बम लावा, ट्रॅक्टरचं बॉनेट नाचतंय.”

“बॉनेट नाचवायला गाणं कशाला पायजे? खड्ड्यातनं नेला तरी नाचतंय.”

श्रीनाथ हसला. हातातली सोल्डरची कांडी त्यानं बाजूला ठेवली. तामलवाडीच्या फाट्यावर त्याचं हे दुकान होतं. फुटलेले स्पीकर भरून द्यायचे, जळालेले अॅम्प्लिफायर दुरुस्त करायचे आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांवर साउंड बसवायचा. मागच्या दोन खोल्यांत घर. रविवारी काम कमी आणि वाद जास्त. धोंडप्पांचं पलीकडंच खत-बियाण्यांचं दुकान. माणूस शांत, पण सोलापूरच्या पलीकडची भाषा घरात असल्यानं राग आला की कानडीत शिरायचा. उत्तरेश्वरचा स्वतःचा ट्रॅक्टर होता, आणि त्यावरचा साउंडचा बॉक्स ट्रॅक्टरपेक्षा महाग आहे असं तो कौतुकानं सांगायचा.

“तुमचे ब्रदर्स म्हंजे उगं डोक्यावर घेतलेले हायत लोकांनी,” धोंडप्पा म्हणाले. “पुढच्या वर्साला कुणी इचारणार न्हाय.”

“आप्पा, तुमचा आराधी तर आताच कुणी इचारत न्हाय.”

“मुगीतु. संपला इषय. तुज्यासंगं बोलण्यात अर्थ न्हाय.”

“आसं कसं संपला? लावा की कौल.”

आणि सगळ्यांनी कृष्णराजकडं पाहिलं.

या दुकानाची ही रीतच पडून गेली होती. नवा बॉक्स भरला की श्रीनाथ आपल्या पोराला त्याच्यासमोर उभं करायचा. अडीच वर्षांचा कृष्णराज पुढं येऊन बॉक्सला गाल लावून बसला, तर काम पास. बॉक्सवरून ही रीत गाण्यांवर आली. कोणता अल्बम भारी हे ठरेना झालं की दोन्ही लावायचे, पोरगं ज्याला चिकटेल तो जिंकला. तुळजापूरहून येणारे बँडवालेसुद्धा हौसेनं कौल लावून बघायचे. “बोलत न्हाय अजून, पर कान बघा पोराचा,” असं म्हणून त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा द्यायचे.

श्रीनाथची बायको अर्पिता रिकामे कप उचलायला आली होती. ती दाराच्या चौकटीत थांबली.

आधी भन्नाट ब्रदर्स. दणका सुरू झाला तशी फळीवरची स्क्रूची डबी थरथरली. कृष्णराज हातातली वायर टाकून दुडुदुडु आला आणि बॉक्सला बिलगला. डोळे मिटून, तोंड अर्धवट उघडं ठेवून तो हसत राहिला.

“बघा,” उत्तरेश्वर म्हणाला. “रक्तात हाय.”

मग धोंडप्पांच्या आवडीची कॅशेट. श्रीनाथनं ती वडलांच्या वेळची जपून ठेवलेली, पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती. तुणतुणं वाजलं, आणि बलभीम आराध्यानं देवीला जी हाक घातली ती उंच, अजून उंच जात राहिली. धोंडप्पांनी डोळे मिटले. उत्तरेश्वरनंही, वाद विसरून, पाय जवळ घेतले. फाट्यावर एसटीची वाट बघत उभी असलेली एक बाई मान वळवून दुकानाकडं बघायला लागली.

कृष्णराज पाठमोरा बसून पुन्हा वायर ओढत होता.

“न्हाय आवडली,” श्रीनाथ म्हणाला. “आप्पा, हरला तुमी.”

“पोरगं हाय, त्याला काय कळतंय,” धोंडप्पा म्हणाले खरे, पण त्यांना लागलं होतं.

अर्पिताला मात्र दुसरंच दिसत होतं. न आवडलेल्या गोष्टीपासून लेकरू तोंड फिरवतं, कुरकुरतं, निदान एकदा तरी बघतं. या पोरानं यातलं काहीच केलं नव्हतं. दुकानातल्या तिन्ही माणसांना ज्या हाकेनं जागच्या जागी धरून ठेवलं होतं, ती त्याच्यासाठी झालीच नव्हती.

कप तिच्या हातात तसेच राहिले.

तशी ती वर्षभरापासून त्याच्यावर नजर ठेवून होती. नजर ठेवणं हा तिचा स्वभावच. द्राक्षं उभी चिरून द्यायची, झोपेत पोटावर हात ठेवून श्वास बघायचा. सासू धुरपदाबाई म्हणायच्या, “लई शिकलेल्या बायांचं आसंच आस्तंय, पोर हसलं तरी यांच्या पोटात गोळा.” धाराशिवला बी.एस्सी. केलेल्या सुनेचं त्यांना कौतुकही होतं आणि वैतागही. अर्पितानं त्याच्या मागं उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या, नाव घेऊन हाका मारल्या होत्या. कधी वळायचा, कधी नाही. कुकरची शिट्टी झाली तरी ढिम्म. पण फरशीवर ताट पडलं की चटकन बघायचा, आणि मग सगळे तिच्याकडं बघायचे.

“याचा बाप बी उशिरानंच बोलला,” धुरपदाबाई सांगायच्या. “सोनारीच्या भैरोबाला नवस बोलले हाय म्या. बोलंल.”

श्रीनाथ तर हसण्यावारीच न्यायचा. “बॉक्सचा बारीक फरक कळतो त्याला. फुटलेल्या स्पीकराजवळ जात न्हाय. आन् तू म्हणतीस ऐकू येत न्हाय.”

त्या रविवारी धोंडप्पा आणि उत्तरेश्वर निघून गेले, दुकानाचं अर्धं शटर खाली आलं, तेव्हा ती आत आली आणि म्हणाली, “अहो, वूफरची वायर काढा.”

“का? चांगला चाललाय की बॉक्स.”

“काढा. नुसता वरचा हॉर्न ठेवा. आणि आप्पांची कॅशेट लावा.”

“डोकं फिरलंय का तुझं?”

“मी काढू का?”

इतक्या दिवसांत तिनं दुकानातल्या वायरीला कधी हात लावला नव्हता. श्रीनाथनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि पक्कड घेतली.

कृष्णराज पाठ करून बसला होता, पुढ्यात स्क्रू पसरून. लहान एकीकडं, मोठे एकीकडं. आराध्याची हाक सुरू झाली. जड आवाज निघून गेल्यामुळं ती नुसती धार झाली होती. श्रीनाथनं आवाज वाढवला. पोरगं हललं नाही. अजून वाढवला. रस्त्यापलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं. धुरपदाबाई दोन्ही कानांवर हात ठेवून मागच्या दारात आल्या, “आरं काय लावलंय, कान फोडतोस का?”

कृष्णराजनं एक मोठा स्क्रू उचलला, नीट न्याहाळला आणि मोठ्यांच्या ढिगात ठेवला.

“आता उलटं करा,” अर्पिता म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू येत नव्हता. “हॉर्न काढा, वूफर लावा. आणि ब्रदर्सचं गाणं.”

त्यानं लावला. बॉक्समधून गाणं असं काही येतच नव्हतं; नुसतं धप्, धप्. फरशीला बारीक कंप सुटला. कृष्णराजनं मान वर केली. ओळखीचं कोणी दारात यावं तसं त्याचं तोंड उजळलं. स्क्रू तुडवत तो आला आणि गाल लावून बसला.

श्रीनाथनं बटण बंद केलं. पोरानं थोडा वेळ वाट पाहिली, मग तळहातानं बॉक्सवर थापटलं आणि बापाकडं बघितलं. लाव की.

“म्हंजे आजवर जे...” श्रीनाथ म्हणाला. धुरपदाबाईंनी कानांवरचे हात अजून काढले नव्हते.

सोलापूरच्या दवाखान्यात पोराला औषध पाजून झोपवलं. डोक्याला वायरी चिकटवल्या. श्रीनाथ त्या वायरींकडंच बघत होता, एखादी सैल असेल तर सांगावं म्हणून असेल. सगळ्या घट्ट होत्या.

डॉक्टर वयानं मोठे होते, आवाज मऊ होता. “दोन्ही कान,” ते म्हणाले. “नसेचा दोष आहे. हादरा अंगाला कळतो, पण ते ऐकणं नव्हे.”

“बॉक्समुळं झालं का?” श्रीनाथनं विचारलं. “दुकानातच वाढलाय तो. मालक मीच हाय.”

“जन्मापासूनचं असण्याचीच शक्यता जास्त. जन्मल्यावर कानांची तपासणी केली होती?”

दोघांनी नाही म्हणून माना हलवल्या.

“मग खात्रीनं नाही सांगता येणार.”

अर्पिताला ते दिवस आठवले. सातव्या महिन्यात ती माहेरी जायच्या आधी मिरवणुकांचा हंगाम होता. भिंतीपलीकडं दिवसभर बॉक्स तपासले जायचे आणि ती पोटावर हात ठेवून पडायची. पोटातलं बाळ उसळ्या मारायचं. नाचतंय, असं श्रीनाथ म्हणायचा. हे ती आता कोणापुढं बोलली नाही आणि पुढंही बोलणार नव्हती. काही गोष्टी नवऱ्यापासून लपवाव्या लागतात, तो मोडू नये म्हणून.

डॉक्टर सांगत होते. आधी कानाला मशीन. मग पुण्याला ऑपरेशनसाठी नाव लावा, नंबर कधी येईल सांगता येत नाही. मेंदूला आवाजाची ओळख व्हायचं वय निघून चाललंय. “आधी आणलं असतं तर बरं झालं असतं,” ते म्हणाले. “कोणाच्या लक्षात आलं नाही का?”

“हिच्या आलं होतं,” श्रीनाथ म्हणाला. “वर्षापासून सांगत होती.”

“आणि जे थोडंफार उरलं असेल ते जपा. मोठ्या आवाजाजवळ त्याला अजिबात नेऊ नका,” डॉक्टर म्हणाले.

म्हणजे त्याला जेवढं मिळत होतं, तेवढंही काढून घ्यायचं.

शेजारच्या खोलीत वाचा शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी दोघांना खाली बसवलं. तोंडावर उजेड येईल असं बसा, त्याच्या नजरेसमोर या, एकेक शब्द सावकाश म्हणा. मग श्रीनाथकडं बघून त्या जरा अवघडल्या. “बाबा, तुमच्या मिशा भरघोस आहेत. त्याला वरचा ओठ दिसतच नाही.”

श्रीनाथचा हात आपोआप मिशीवर गेला.

चार दिवस दुकानातले बॉक्स श्रीनाथ पोर झोपल्यावर, शटर ओढून तपासायचा. जागेपणी कृष्णराज गप्प पडलेल्या बॉक्सांपाशी जायचा, थापटायचा, आणि रडायचा. त्याच्या रडण्याला मात्र आवाज होता, चांगला खणखणीत. एक-दोनदा अर्पितालाच वाटलं, लावावं थोडा वेळ. कोणाला कळतंय. मग ती त्याला उचलून मागच्या अंगणात न्यायची, आणि तो तिच्या खांद्यावर पाय झाडत दुकानाकडं हात करायचा.

रविवारी सकाळी श्रीनाथ न्हाणीतून बाहेर आला तेव्हा ती पोराला भरवत होती. घास तिच्या हातातच राहिला. सलूनवाल्यानं कारण विचारलं असतं, म्हणून त्यानं घरीच केलं होतं. एका बाजूला कापलं होतं आणि रक्ताचा बारीक थेंब आला होता. बाप गेला तेव्हाच काय ती त्यानं मिशी उतरवली होती. या गावात दुसऱ्या कशासाठी कोणी उतरवत नाही.

धुरपदाबाई चुलीपुढून उठल्या. लेकाच्या उघड्या ओठाकडं त्यांनी पाहिलं.

“म्या जिती हाय रं अजून,” त्या हळूच म्हणाल्या.

“व्हय आई.”

त्या परत खाली बसल्या आणि भाकरी उलटायला लागल्या.

दहाच्या सुमाराला धोंडप्पा आणि उत्तरेश्वर आले. येतानाच वाद चालू होता. दुसरा अल्बम बी पहिल्याच्या तोडीचा असणारे किती, असं काहीतरी. पायरीशी येऊन धोंडप्पा थबकले. त्यांनी श्रीनाथकडं पाहिलं, उत्तरेश्वरला कोपरानं थांबवलं आणि चपला रस्त्यावरच काढल्या.

“कवा गेल्या?” त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. “आमाला सांगावा तर धाडायचा, बाबा.”

तेवढ्यात धुरपदाबाई पिठाचे हात घेऊन मधल्या दारात आल्या. धोंडप्पा बघतच राहिले.

“मंग कोण गेलं?”

“कुणी न्हाय आप्पा. बसा.”

उत्तरेश्वरनं सवयीनं खिशातून पेनड्राइव्ह काढला. “नवीन आणलंय जरा. कौल लावायचा का?”

“त्याला ऐकू येत न्हाय,” श्रीनाथ म्हणाला.

“कुणाला?”

“कृष्णराजला. दोन्ही कानांनी. हादऱ्यानं यायचा तो. गाण्यानं न्हवं.”

त्यानं हे घरात एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. अर्पितानं पदराची कड बोटाला गुंडाळली आणि सोडली. उत्तरेश्वरनं पेनड्राइव्ह मुठीत घट्ट धरला. इतक्या रविवारी ज्यांच्या कॅशेटी हरल्या होत्या ते धोंडप्पा यावर काहीतरी म्हणतील असं तिला वाटलं, पण दोघं बाहेरच्या बाकावर जाऊन टेकले. तिनं चहा पुढं केला तर धोंडप्पांनी मान हलवली.

“ऱ्हाऊ दे पोरी. आज नगं.”

श्रीनाथ शटरखाली, जिथं ऊन सरळ तोंडावर येत होतं, तिथं मांडी घालून बसला. पोराला त्यानं समोर घेतलं. नाकाखालची पट्टी पांढुरकी, कच्ची दिसत होती. बाकीचा चेहरा रापलेला आणि तेवढीच जागा दुसऱ्या कोणाची.

“बाबा,” तो सावकाश म्हणाला. ओठ मिटून, उघडून. “बा-बा.”

कृष्णराजनं बोट उचललं आणि बापाच्या उघड्या ओठावरून इकडून तिकडं फिरवलं. काय हरवलंय ते तो शोधत होता.

बाहेर ते दोघं हात गुडघ्यांवर ठेवून, खाली बघत, मयताच्या घरी बसावं तसे बसून राहिले. उठायचं कधी, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.