चारातला एक

सव्वानऊला आमच्या खोलीत ऊन येते. आधी ते समोरच्या इमारतीच्या काचांवर आदळते, तिथून उलटून आमच्या उंच खिडकीच्या वरच्या तावदानात शिरते; त्यामुळे आमच्या वाट्याला येते ते उसने, धार गेलेले ऊन. घड्याळाखालच्या भिंतीवर त्याचा पहिला चौकोन उमटतो. मग ते कपाटावरून उतरते, कागदांच्या गठ्ठ्यांच्या कडा एकेक करून उजळते आणि टेबलाशी येऊन अंमळ थबकते, परवानगी मागावी तसे. त्या सकाळी ते माझ्या पेन्सिलीवर चढले. पेन्सिलीची सावली प्रुफावर पडली, आधी बोटभर, मग आखूड. तिच्या टोकाशी कागदाचे बारीक तंतू उभे राहिलेले दिसले. तावदानाच्या जुन्या काचेत एक बुडबुडा आहे. त्याचा उजळ ठिपका ओळींवरून इतक्या सावकाश सरकत होता की तो सरकतो आहे हे कळायलाच वेळ लागत होता. इतके शांत, इतके पुरेसे असे काही मी फार दिवसांत पाहिले नव्हते.

पुढे पाच आठवड्यांनी एक बाई आमच्या छापखान्यात आली आणि तिने एक घडीचे पत्रक टेबलावर ठेवले. औषधांच्या खोक्यांत असतात ती पत्रके आम्ही छापतो. तिचे तीन वर्षांचे मूल खोकल्याच्या औषधाने सोळा तास झोपून राहिले होते. मूल सावरले. पण पत्रकावर पाव चमच्याच्या जागी पाऊण चमचा छापलेला होता.

आमची रीत जुनी आहे. ताई मजकूर टाइप करते. मास्तर मूळ प्रत मोठ्याने वाचतात. मी समोर बसून प्रुफावर नजर ठेवतो आणि प्रत्येक वाक्याला ‘हं’ म्हणतो. ‘हं’ आल्याशिवाय मास्तर पुढे जात नाहीत. शेवटी मशीनकाका छापतात. पाव आणि पाऊण कानाला जवळचे लागतात, म्हणून मास्तर फोड करून वाचतात: ‘पाव, चारातला एक’; ‘पाऊण, चारातले तीन’. ही फोड त्यांना त्यांच्या आधीच्या वाचकाने शिकवली, त्याला त्याच्या आधीच्याने. कितीएक माणसांचे शहाणपण त्या दोन शब्दांत साठलेले होते.

व्यवस्थापकांनी त्यावर उपाय म्हणून एका सल्लागार बाईंना बोलावले. जेवणाच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या गेल्या.

“इथे कुणी एकटं नाही,” बाई म्हणाल्या. “आपण सगळे एकाच जाळ्याचे धागे आहोत. झालेला क्षण सोडून द्या. आत्ताच्या क्षणात या. डोळे मिटा.”

“मी मिटले की घोरतो,” मशीनकाका म्हणाले. “आधीच सांगून ठेवतो.”

सगळे हसले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कसला क्षण आणि कसले जाळे. एक मूल सोळा तास उठले नव्हते, आणि इथे झालेल्या चुकीचा भुगा करून प्रत्येकाच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवली जात होती, म्हणजे कुणालाच तिचे वजन लागू नये. ‘आपण सगळे’ हे शब्द मला त्या दिवशी घाणेरड्या पायपुसण्यासारखे वाटले.

“पाऊण मीच टाइप केलं,” ताई सरळ म्हणाली. “त्यात गोल कशाला बसायचं? माझ्या दिवसाला दहा चुका होतात. म्हणून तर पुढे हे दोघं बसतात.”

“मला अक्षर दिसतच नाही,” मशीनकाका म्हणाले. “मला शाई दिसते.”

व्यवस्थापक माझ्याकडे वळले. “मास्तरांनी फोड केली होती का?”

एरवी चार माणसांत मी बोलत नाही. त्या दिवशी मात्र रागाने शब्द आपसूक आले.

“आठवत नाही,” मी म्हणालो. “मास्तरांना नवी कवळी बसवलीय. हल्ली उच्चार सांडतात.”

मास्तरांनी जिभेने कवळी जागेवर बसवली आणि माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात तक्रार असती तर बरे झाले असते.

“सांडला असेल,” ते म्हणाले. “वय झालं.”

शनिवारपासून मास्तरांनी घरी बसावे असे सर्वानुमते ठरले. बाईंनी या एकमताचे कौतुक केले. मला सर्वांचा राग आला: बाईंचा, माना डोलावणाऱ्यांचा, आणि सर्वांत जास्त मास्तरांचा. त्यांनी भांडायला हवे होते. इतक्या मुकाट्याने कुणी दुसऱ्याचे ओझे उचलते का, असे मनात आले, आणि ‘दुसऱ्याचे’ या शब्दापाशी मी घाईने विचार बदलला.

शुक्रवारी मास्तर खण आवरत होते. सुधारलेले पत्रक वाचायला त्यांच्या खुर्चीत ताई बसली. सव्वानऊ वाजले होते. घड्याळाखाली चौकोन उमटला, कपाटावरून उतरला.

“बाटली वापरण्यापूर्वी हलवावी,” ताईने वाचले.

“हं.”

“झाकण घट्ट लावावे.”

“हं.”

“उरलेले औषध दिवसातून दोनदा मशीनकाकांना पाजावे.”

“हं.”

दारातून मशीनकाकांचे हसू ऐकू आले. “बुवा, माझं मत तरी विचारायचंस.”

ताई हसली नाही. “मी काय वाचलं आत्ता?”

मी प्रुफाकडे पाहिले. पेन्सिलीची सावली बोटभर होती आणि बुडबुड्याचा ठिपका तिसऱ्या ओळीवर आला होता. एवढेच मला सांगता आले असते.

“त्याला नको छळूस गं,” खणात डोके घालून मास्तर म्हणाले. “तो ऊन बघतो. मला ठाऊक आहे. त्या वेळी मी जरा थांबून वाचतो.”

माझ्या हातातली पेन्सिल मोडली. इतके दिवस जपलेल्या रागाला मी बसवायला जागा शोधत राहिलो, आणि त्या खोलीत त्याच्यासाठी माझीच खुर्ची तेवढी उरली होती. मी उठलो. व्यवस्थापकांच्या दारापर्यंत सतरा पावले आहेत. दार उघडे होते. पाठीमागून ताईने काही विचारले. मी थांबलो नाही.

“काय रे?” व्यवस्थापक म्हणाले.

“मला आठवतंय,” मी म्हणालो. “त्या दिवशी मास्तर म्हणाले होते, ‘पाव, चारातला एक.’ मी ‘हं’ म्हणालो.”