शेपटीचे फोटो

धावत्या कुत्र्यांचे फोटो काढणाऱ्या बाईला नवऱ्यावर नजर ठेवायला वेगळी मेहनत पडत नाही. गेले काही दिवस बाईंचे हे पहाटे ‘चालायला’ जात होते. माणूस चालून दमून येतो. हे शीळ घालत येत. खिशात बिस्किटांचा चुरा, गुडघ्यावर सोनेरी केस. त्यांचं टक्कल पाहता ते केस त्यांच्या खात्यावर टाकणं शक्य नव्हतं. बाईंनी सगळं मनात टिपलं.

रविवारी मैदानावर दातांची डॉक्टरीण आपला सोनेरी कुत्रा फोटोसाठी घेऊन आली. तिचे रंगवलेले केसही तसेच सोनेरी. बाईंना नवऱ्याचा गुडघा आठवला.

“चावत नाही ना हो हा?” नवऱ्याने लांबूनच विचारलं. दर रविवारी कुत्री धरणारा माणूस! बाईंनी तेही टिपलं.

पद्धत ठरलेली. नवऱ्याने पलीकडच्या टोकाला कुत्रा धरायचा, मालकिणीने बाईंच्या पाठीमागून हाक मारायची आणि बाईंनी गवतात पालथं पडून बटण दाबून धरायचं. कुत्रा आपल्या माणसाकडे सुसाट येतो, नजर सरळ लेन्समध्ये. डोळे स्पष्ट आले तर फोटो, नाहीतर कचरा.

डॉक्टरणीने हाक मारली. कुत्रा थोडा पुढे आला, गर्रकन वळला आणि सुसाट नवऱ्याकडे परत. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. कॅमेऱ्यात नुसत्या शेपट्या.

“आज झालंय काय याला?” डॉक्टरीण वैतागली.

“ऊन लागलं असेल!” नवरा तिकडून ओरडला. आभाळ भरलेलं होतं.

“डॉक्टर, तुम्ही जाऊन धरा त्याला. अहो, तुम्ही या माझ्या मागे.”

“मी कशाला? मला कुठे ओळखतो तो?”

“म्हणूनच या.”

हाक मारायची वेळच आली नाही. कान मागे, चारही पाय हवेत, जीभ एका बाजूला. बाईंच्या डोक्यावरून उडी घेऊन कुत्रा थेट नवऱ्याच्या छातीवर.

डॉक्टरीण गाडीतून पाणी आणायला गेली, तेवढ्यात बाईंनी फोटो मोठे करून पाहिले. कुत्र्याचे डोळे लख्ख आले होते. बाई मात्र मागची धूसर डॉक्टरीण बघत होत्या. प्रत्येक फोटोत तिची मान मोबाईलमध्ये. नवऱ्याकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही.

“बोला आता.”

“डॉक्टरांचे वडील थकलेत गं. पहाटे तेच याला माझ्या हाती देतात. त्या झोपलेल्या असतात, त्यांना पत्ताच नाही. तू घरात कुत्रा नको म्हणालीस, मग...”

बाईंना हायसं वाटायला हवं होतं. पण नवरा कुत्र्याच्या कानामागे खाजवत होता, आणि असा फुललेला चेहरा त्यांच्या लग्नाच्या अल्बममध्येही नव्हता. दुसरी बाई असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

“उद्यापासून मीही येते चालायला.”

“तू? पहाटे? कशाला?”

बाईंनी लेन्सवरची लाळ पुसली.

“बघते ना, मी हाक मारली की दोघांतलं कोण येतं.”