पाचही चाकं सारखी

परीक्षेची कल्पना बाबांचीच. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर सगळं माझ्याच गळ्यात पडलं.

मागच्या महिन्यात एका गुरुवारी बाबा दुपारी बाराऐवजी संध्याकाळी पाचला घरी आले. "पंक्चर झालं होतं," एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले. हात कोपरापर्यंत काळे, शर्टाची एक बाही फाटलेली. ते गेले होते डोंगरावरच्या जुन्या धरणाच्या चौकीवर. तिथे त्यांचा मित्र एकटाच राहतो. दर गुरुवारी बाबा त्याच्यासाठी आठवड्याची वर्तमानपत्रं, औषधं आणि पाव घेऊन जातात, दोघे बुद्धिबळाचे दोन डाव खेळतात, भांडतात आणि बाबा परत येतात. दुसरं कुणी तिकडे फिरकत नाही, कारण शेवटचे सहा किलोमीटर रस्ता नाहीच, नदीच्या कोरड्या पात्रातले धोंडे आहेत. फोनला रेंज नाही. साधी गाडी तिथे पोट फोडून घेते. म्हणून तर बाबांनी निवृत्त झाल्यावर चारही चाकांना जोर मिळणारी पिकअप घेतली, ती सहा इंच उंच करून घेतली आणि तिला हे भलेमोठे टायर बसवले. बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. चढायला सोपं जावं म्हणून त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूला एक लोखंडी पायरी वेल्डिंग करून घेतली आहे. दुसऱ्या बाजूला नाही, कारण त्या बाजूला कधी कुणी बसत नाही.

त्या रात्री मी दादाला फोन केला. दादा दुसऱ्या शहरात राहतो आणि तिथून त्याला आमच्या घरातलं सगळं स्वच्छ दिसतं.

"किल्ली काढून घे," तो म्हणाला.

"तू येऊन काढ ना."

"तू जवळ आहेस."

जवळ असण्याचा हा एक तोटा आहे. मी दुसऱ्या दिवशी जेवताना विषय काढला. बाबांनी घास संपवला, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "मग परीक्षा घ्या. एक चाक एकट्याने बदलून दाखवतो. पास झालो तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. नापास झालो तर किल्ली तुझी."

आमच्या घरात परीक्षा हा शब्द गमतीने वापरत नाहीत. बाबांनी एकतीस वर्षं सरकारी गाड्यांच्या ड्रायव्हरांची परीक्षा घेतली. ड्रायव्हर त्यांना पाठीमागे 'नापाससाहेब' म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं आणि मला वाटतं, आवडतही होतं. माझीही परीक्षा त्यांनीच घेतली होती, अठराव्या वर्षी, ह्याच अंगणात. मी गाडी जॅकवर घेतली, पण समोरच्या चाकाला पाचर लावायला विसरले. ते दोन हात अंतरावर उभे राहून बघत होते. बोलले नाहीत. गाडी सरकली, जॅक आडवा झाला आणि बंपर भिंतीवर आपटला. मला काही झालं नाही. त्यांनी वहीत लिहिलं, 'नापास'.

"तुम्हाला दिसत होतं ना? मग बोलला का नाहीत?" मी रडत ओरडले होते.

"परीक्षक बोलत नसतो," ते म्हणाले होते.

पुढे दोन महिने मी त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यानंतर सव्वीस वर्षांत मी एकदाही पाचर विसरलेली नाही. पण ते मी त्यांना कशाला सांगू?

आताच्या परीक्षेचे नियम त्यांनीच एका कागदावर लिहून दिले. वेळ पंचेचाळीस मिनिटं. मदत नाही. परीक्षकाने बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, तोंड वेडंवाकडं करायचं नाही. शेवटचं वाक्य खास माझ्यासाठी होतं.

रविवारी सकाळी आठला मी मागच्या उजव्या चाकाच्या व्हॉल्व्हमधली पिन काढली. हवा बराच वेळ फुसफुसत राहिली. टायर बसला, रिम जमिनीला टेकली. मी खुर्ची टाकून बसले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "चला."

खरं सांगते, ते नापास व्हावेत असं मला वाटत होतं. माझं चष्म्याचं दुकान आहे. दर गुरुवारी बारा वाजले की मी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे कमी आणि फोनकडे जास्त बघते. मला ते थांबवायचं होतं. आणि हेही खरं, की गुरुवार नसेल तर बाबा शुक्रवार ते बुधवार कशासाठी उठतील, ह्याचा विचार मी केला नव्हता.

त्यांनी घाई केली नाही. आधी गाडीभोवती एक फेरी मारली. हँडब्रेक बघितला, गिअर बघितला, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून पाचरी लावल्या. लावताना माझ्याकडे एकदा बघितलंही. मग पान्यात पाइप अडकवून सहाही नट अर्धा-अर्धा फेरा सैल केले. नट सैल करायला त्यांनी हातांचा जोर लावला नाही. पाइपच्या टोकावर पाय ठेवला आणि अंगाचं वजन टाकलं. नट कुरकुरत सुटले. सात मिनिटं.

गाडीबरोबर कंपनीने दिलेला जॅक त्यांनी बाजूला ठेवला. उंच केलेल्या गाडीला तो पुरत नाही. वरून सांगाड्याला जॅक लावला तर स्प्रिंगा नुसत्या ताणल्या जातात, गाडी वर जाते आणि चाक आपलं जमिनीवरच. हे मला माहीत होतं आणि ते विसरतील अशी मला आशा होती. ते विसरले नाहीत. त्यांनी जाड लाकडाचा ठोकळा आणला, त्यावर छोटा हायड्रॉलिक जॅक ठेवला आणि तो थेट आसाखाली घातला. मग मागच्या बाजूला टांगलेली स्टेपनी सोडवली. ते चाक चाळीस किलोंचं आहे. त्यांनी तिरकी फळी लावून ते घसरवत खाली आणलं, उभं करून हातानेच गडगडवत नेलं आणि गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवलं. जॅक निसटलाच तर गाडी माणसावर न पडता चाकावर पडावी म्हणून. ही त्यांची पद्धत. ड्रायव्हर कंटाळा करायचे आणि नापास व्हायचे.

सतरा मिनिटं झाली होती. मला आतून अभिमान वाटायला लागला, आणि त्याचा रागही आला.

चाक हवेत उचललं गेलं. त्यांनी नट काढून टोपीत ठेवले, जमिनीवर नाही. चाक दोन्ही हातांनी हलवत हलवत बाहेर ओढलं आणि शेजारी आडवं टाकलं. आता करायचं होतं ते इतकंच: हे हवा गेलेलं चाक गाडीखाली सरकवायचं, तिथली स्टेपनी बाहेर ओढायची आणि चढवायची.

तेवढ्यात माझा फोन वाजला. फोन बंद ठेवावा असं नियमांत नव्हतं. त्यांच्या काळी खिशात फोन नसायचे.

"झालं का?" दादा.

"अजून नाही. ठेव."

"दमलेत का?"

"ठेव म्हटलं ना."

बाबा कंबरेवर हात ठेवून उभे होते. "तोच ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. मान हलवणं खूण धरायचं का, असा विचार माझ्या मनात आला. त्यांनी चष्मा काढला, शर्टाने पुसला, पाण्याचे दोन घोट घेतले. मग खाली बसले आणि शेजारी पडलेलं चाक उभं केलं.

म्हणजे आत्ताच काढलेलं. हवा नसलेलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या टायरांच्या भिंती इतक्या जाड आहेत, की अंगावर गाडीचं ओझं नसलं तर हवा गेलेला टायरही गोल गरगरीत दिसतो. दुसऱ्या कुणाच्या गाडीत स्टेपनी तरी वेगळी ओळखू येते, नवी कोरी किंवा धुळीने माखलेली. पण बाबा पाचही चाकं सारखी झिजावीत म्हणून दर तीन महिन्यांनी आलटून-पालटून लावतात, आणि रविवारी पाचही धुतात. त्यांच्याच शिस्तीने त्या दोन चाकांत काही फरक ठेवला नव्हता. डोळ्यांचाही दोष नव्हता. चष्मा मी स्वतः केलेला आहे.

माझ्या तोंडात शब्द आला होता. "बाबा." दोनच अक्षरं. नुसतं खाकरले असते तरी चाललं असतं.

ते जमिनीवर बसले, दोन्ही पावलं चाकाखाली घातली, पाना तरफेसारखा लावून चाक अलगद उचललं आणि बोल्टांत बसवलं. इतकं सुरेख, की तिथे शंभर ड्रायव्हर उभे असते तरी बघत राहिले असते. मी बघत राहिले. भीती वाटत होती आणि हायसंही वाटत होतं, दोन्ही एकदमच. त्यांनी नट हाताने लावले, समोरासमोरचे आवळले. गाडीखालचं चाक बाहेर ओढलं, फळीवरून वर चढवलं, मागे टांगलं. त्या चढवण्यात त्यांचा दम गेला. पिन काढल्यासारखा श्वास येत होता. जॅक सोडायला खाली वाकले तेव्हा अडतीस मिनिटं झाली होती.

जॅक उतरला. गाडी खाली आली, आणि येतच राहिली. टायर चपटा झाला, रिम जमिनीला टेकली.

बाबा बघत राहिले. मग मागे गेले आणि टांगलेल्या चाकाला अंगठा दाबून पाहिला. परत आले. टोपी उचलली, उलटी करून बघितली, जणू एखादा नट आत राहिला असावा.

"तू बघितलंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कधी?"

"तुम्ही उचललंत तेव्हाच."

मला वाटलं ते चिडतील. चिडायला हवं होतं. मी मनात उत्तरही तयार ठेवलं होतं, सव्वीस वर्षांपासून.

"आणि बोलली नाहीस," ते म्हणाले.

"नाही."

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "बरोबर केलंस," ते म्हणाले. "मी नापास. तू पास."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला पास केलं होतं. इतकं वाईट मला कधीच वाटलं नाही.

"फोन वाजला म्हणून झालं ते," मी म्हणाले. "माझी चूक होती. वेळ आहे अजून, सात मिनिटं."

"पात्रात फोन वाजत नाही," ते म्हणाले. "मागच्या महिन्यात हेच झालं होतं. दोनदा."

मग ते पुन्हा पान्याकडे वाकायला लागले. गाडी रिमवर उभी ठेवणं त्यांना जमणारं नव्हतं. मी पाना त्यांच्या हातातून घेतला. त्यांनी दिला. ते माझ्या खुर्चीवर बसले आणि मी सगळं पहिल्यापासून केलं, पाचरी तपासण्यापासून. चाक बोल्टांत घालण्याआधी त्याला अंगठा दाबला आणि पान्याने ठोकून पाहिलं. भरलेला टायर वेगळा वाजतो. हे त्यांनीच शिकवलं होतं. ते आपले हात उलटेपालटे करून बघत होते.

दादाचा फोन पुन्हा आला.

"नापास," मी सांगितलं.

"सुटलो," तो म्हणाला.

मी फोन ठेवला. तो सुटला होता, त्यात खोटं काहीच नव्हतं.

चाक बदललं की थोडं अंतर चालवून नट पुन्हा आवळायचे, हा बाबांचा नियम. मी पायरीवर पाय ठेवून ड्रायव्हरच्या जागी चढले. बाबा सवयीने माझ्या मागोमाग त्याच दाराशी आले, थांबले, आणि गाडीला वळसा घालून पलीकडे गेले. दार उघडून उभे राहिले. तिथे पायरी नाही. सीट त्यांच्या छातीपर्यंत येत होती. एक पाय उचलून बघितला, ठेवला. मी आतून हात पुढे केला. त्यांनी तो बराच वेळ बघितला, मग धरला. मी ओढलं. ते आत आले, बसले, पट्टा शोधायला लागले, कारण त्या बाजूचा पट्टा कुठून येतो हे त्यांना माहीत नव्हतं.

मी गाडी सुरू केली.

"गुरुवारी सहाला निघायचं," ते समोर बघत म्हणाले. "उशीर झाला की दुसरा डाव हरल्यावर तो त्याचंच निमित्त सांगतो."

"गुरुवारी दुकान असतं, बाबा."

"ते तुझं तू बघ," ते म्हणाले. "किल्ली तुझ्याकडे आहे."