दोन इच्छुक आणि एक ठासणीची बंदूक

जून २०१८मध्ये अण्णांनी मला फोनवर सांगितलं, "इरा, तू एवढी शिकलीस, आम्हाला एक कागद करून दे."

दापोली तालुक्यातल्या आमच्या आणि आजूबाजूच्या सहा गावांत शेतीसंरक्षणाच्या बंदुकांचे परवाने असलेले एक्केचाळीस जण होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, निवृत्त गणित शिक्षक आणि त्यांच्या संघटनेचे चिटणीस. बहुतेक बंदुका ठासणीच्या, म्हणजे नळीत दारू ठासून बार उडवायच्या. त्यांनी डुक्कर क्वचित मरतं, आवाजाने पळतं मात्र नक्की. निवडणूक लागली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागत. निकालानंतर परत मिळत. २०१४च्या ऑक्टोबरात भात कापणीला आलेलं असताना त्या जमा होत्या आणि डुकरांनी आमचं खालचं शेत दोन दिवसांत लोळवलं. २०१९मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका येणार होत्या.

त्याआधी एका पक्षाचा जिल्हाध्यक्ष ठरायचा होता. इच्छुक दोन होते, रवींद्र आणि चारुदत्त. एक्केचाळिसांपैकी तीस जण त्या पक्षाचे सभासद होते, त्यामुळे दोघांनाही आमच्या गावात यावंच लागणार होतं. बंदुका सरसकट जमा करू नयेत, यासाठी अध्यक्ष झाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांपुढे बाजू मांडू, असा शब्द अण्णांना त्यांच्याकडून हवा होता. आणि तो लेखी हवा होता.

मी सिंगापूरला, तुआसमधल्या एका प्रयोगशाळेत दाबमापकं तपासते. कारखाने आपली दाबमापकं आमच्याकडे पाठवतात. आम्ही खरा दाब आणि काट्याने दाखवलेला दाब यांतला फरक मोजून प्रमाणपत्र देतो. प्रमाणपत्रावर 'ठीक' किंवा 'जवळपास' असले शब्द चालत नाहीत. अण्णांचा कागद मी तसाच केला. तीन प्रश्न, प्रत्येकापुढे हो आणि नाही अशा दोन चौकटी, खाली तारीख आणि सही. शेरा लिहायला जागाच ठेवली नाही. जागा दिसली की माणूस 'प्रयत्न करू' लिहितो.

माझी फ्लॅटमेट स्मिता माझ्या खांद्यावरून वाचत होती. ती मूळची पुण्याची, हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत आयटीत होती.

"तुमच्या घरी बंदूक आहे?"

"आहे. माजघरात, खुंटीवर."

"लिफ्टमध्ये असलं काही बोलू नकोस हं. मला इथे कायम राहायचा पीआर मिळायचाय अजून."

माझ्या ओळखीत मराठी बोलणारी ती एकटीच होती. कामावर मी दिवसाकाठी साधारण चाळीस वाक्यं बोलत असे. एकदा मोजली होती. त्यांतली निम्मी आकड्यांची होती.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. आदल्या वर्षी मी गणपतीला घरी गेले होते. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. अण्णा पडवीत बसून नळी साफ करत होते. मान वर न करता म्हणाले, "सत्तरी झाली की परवाना वारसाच्या नावावर करता येतो. तुझ्या करायचा?" परवाना घ्यायचा तर गावात राहायला हवं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, "बघू." त्यांनी मान हलवली आणि आम्ही जेवायला उठलो.

बैठक रविवारी शाळेच्या वर्गात झाली. गावात अकरा वाजले होते, माझ्याकडे दीड. अण्णांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. मी खोलीत पलंगावर बसले होते, समोर स्मिता ताटात भात घेऊन.

रवींद्र आधी आले. त्यांनी कागद न वाचता तीनही ठिकाणी 'हो' केलं, सही केली आणि पुढच्या गावाला गेले. "हा कशावरही सही करील," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. म्हणजे खरा प्रश्न चारुदत्तांचा होता. त्यांनी कागद वाचला. वाचायला वेळ घेतला.

"निशिकांतराव, सकारात्मक विचार करू, असं लिहितो."

"कुठे लिहिणार? चौकटीत तेवढं बसत नाही," अण्णा म्हणाले.

"हा कागद केला कोणी?"

"माझ्या मुलीनं. सिंगापूरला असते. आत्ता ऐकतेय."

"सिंगापूरला? तिथे घरात बंदूक सापडली तर फासावर देतात म्हणे." पुन्हा हशा. हसणं थांबल्यावर चारुदत्त म्हणाले, "तुमचं वय किती हो?"

"मार्गशीर्षात सत्तर पूर्ण."

"राग मानू नका, पण मी भांडायचं कोणासाठी? इथल्या निम्म्या घरांतली मुलं मुंबईला. तुमची तर समुद्रापार. आज एक्केचाळीस बंदुका आहेत, दहा वर्षांनी दहा उरतील. मी शब्द द्यायचा, कलेक्टरशी वाकडं घ्यायचं आणि तोवर बंदुका गंजलेल्या."

मुद्दा बरोबर होता. मीही तोच मांडला असता.

"माझी बंदूक इरा घेणार आहे," अण्णा म्हणाले. "तिनं सांगितलंय मला."

स्मिताने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून.

"मग विचारा की तिलाच," चारुदत्त म्हणाले. "हो का नाही. तुमच्याच नियमानं."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अण्णा फोनच्या जवळ आले असणार, कारण त्यांचा श्वास ऐकू येत होता. "इरा, सांग गं."

हो म्हटलं असतं तर चारुदत्तांनी बहुधा सही केली असती. एक्केचाळीस घरांचं काम झालं असतं, आणि मी परत येते आहे, असं धरून अण्णा बसले असते. माझा करार दोन वर्षांचा उरला होता. तो संपल्यावरही मी गावी जाणार नव्हते. हे मला त्या क्षणी कळलं, असं लिहायला बरं वाटेल. पण ते गणपतीतही माहीत होतं.

"नाही," मी म्हटलं.

"ऐकू नाही आलं," मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं.

दुसऱ्यांदा मला मोठ्याने म्हणावं लागलं. "नाही. मी घेणार नाही."

मग अण्णांचा आवाज आला, वर्गात गणित शिकवताना असायचा तसा. "ऐकलंत? उत्तर असं द्यायचं असतं. आता तुम्ही लिहा."

चारुदत्तांनी सही केली. तीन वेळा 'हो'. कागदाचा फोटो मला तासाभराने आला, त्याखाली अण्णांनी काही लिहिलं नव्हतं.

त्या दिवसानंतर अण्णा पूर्वीसारखेच बोलत. पाऊस किती झाला, काजूला मोहोर आला का. चारुदत्त अध्यक्ष झाले, तेही त्यांनीच सांगितलं. डिसेंबरात अण्णांनी एक मसुदा पाठवला. परवाना माझा चुलतभाऊ सुबोध याच्या नावावर करायला माझी हरकत नाही, असं मी भारतीय वकिलातीत जाऊन लिहून द्यायचं होतं. मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. खिडकीतल्या माणसाने शिक्का उचलला आणि हिंदीत विचारलं, "घर का मामला है?"

"बंदूक का," मी म्हटलं.

त्याने तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. "आपकी थी?"

"पिताजी की."

"अच्छा," म्हणून त्याने शिक्का मारला. बाहेर आले तेव्हा बारा वाजले होते आणि उरलेल्या दिवसाचं काय करायचं, ते ठरत नव्हतं. मी बस पकडून कामावर गेले. रजा वाया गेली, असं माझा सुपरवायझर म्हणाला.

मार्चच्या पहिल्या रविवारी अण्णांचा फोन आला नाही, म्हणून मी केला. सुबोधने उचलला.

"अण्णा मला दारू ठासायला शिकवतायत. थांब हं, देतो त्यांना."

त्याने फोन कुठेतरी ठेवला, बहुधा बांधावर. लांबून अण्णांचा आवाज येत होता. एवढी नको. हळू. गज सरळ धर. खांद्याला घट्ट लाव, नाहीतर धक्का बसेल. हे सगळं त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. मी घड्याळाकडे पाहिलं, सहा मिनिटं झाली होती.

मग बार उडाला. फोनमधून तो अगदी बारीक ऐकू आला, डबी बंद केल्यासारखा. त्यानंतर दोघंही हसले. मी इथे आहे, हे ते विसरले होते. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला.